ओझ्याची गाडी आणि मानाची गाडी : सोलापूर परिसरातील हलक्या मालवाहू वाहनांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

वाहनांचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एंजिनाची शक्ती, वाहून नेण्याचे वजन, नमुन्याचे साल अशा तपशिलांनी तो भरलेला असतो. परंतु वाहन हे जितके यंत्र आहे तितकीच ती एक सामाजिक संस्थाही आहे. गाडी कोणी विकत घ्यावी, तिच्यात कोणी बसावे, ती कोणी हाकावी आणि तिच्यावर काय लादावे, या चार प्रश्नांची उत्तरे यंत्रशास्त्रात सापडत नाहीत; ती समाजाच्या घडणीत शोधावी लागतात.

मागे उघडा हौदा आणि पुढे छोटी केबिन असलेल्या गाडीला आज सोलापूरच्या बाजारात सर्वजण 'पिकअप' म्हणतात. हे नाव ज्या अमेरिकेतून आले तेथे ही गाडी एके काळी शेतकऱ्याची स्वस्त सोय होती आणि शंभर वर्षांत ती चैनीची वस्तू बनली. कष्टाची वस्तू काळाच्या ओघात महाग आणि ऐषआरामी होते, हा जणू सार्वत्रिक नियमच आहे असे या उदाहरणावरून मानले जाते. सोलापूर परिसरातील पुरावा मात्र या नियमाला मुरड घालतो. येथे गाडी ऐषआरामी झाली ती दुभंगून. तिच्या बैठकीला मान मिळाला आणि हौदा ओझ्याचाच राहिला. ही फाळणी कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे वाहनांचा कालक्रम, त्यांच्या किमती आणि त्यांच्याशी निगडित शब्द या तीन प्रकारच्या पुराव्यांवरून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. तुलनेसाठी : अमेरिकेतील क्रम

फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीच्या मागील बाजूस मालाचा डबा जोडून ती विक्रीस आणली. तिची किंमत २८१ डॉलर होती. महागाईचा हिशेब करता आजच्या मानाने ही रक्कम सुमारे ५ हजार डॉलर भरते. १९४८ साली त्याच कंपनीची 'एफ' मालिका सुरू झाली. आज तिच्यातील वरच्या श्रेणीची गाडी ७० हजार डॉलरांहूनही महाग आहे. तिच्यात कातडी आसने, गरम-थंड हवेची सोय आणि घरच्या दिवाणखान्याला शोभेल अशी सजावट असते.

या बदलास केवळ हौस कारणीभूत नव्हती. पश्चिम युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर बसविलेल्या कराला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. ती १९६४ पासून अमलात आली, आणि या क्षेत्रात देशी कारखानदारांना परकी स्पर्धेपासून संरक्षण मिळाले. पुढे १९७५ च्या इंधनविषयक कायद्याखाली हलक्या ट्रकांसाठी मोटारींहून सौम्य मानके ठरली. त्यामुळे मोठी, जड आणि सुखसोयींनी युक्त गाडी 'ट्रक' या नावाखाली विकणे कारखान्यांना फायद्याचे झाले. २००२ च्या लिंकन ब्लॅकवुड या गाडीत तर मालाच्या हौद्यातही गालिचा अंथरलेला होता. सुमारे ५२ हजार डॉलर किमतीची ही गाडी तेथे एकाच वर्षात बंद पडली, परंतु ओझ्याची जागाही शोभेची होऊ शकते हे तिने दाखवून दिले.

या क्रमातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेत गाडी विकत घेणारा, ती चालविणारा आणि मालाचा धनी ही बहुधा एकच व्यक्ती होती. सुखसोयीसाठी ग्राहक जो पैसा मोजत होता तो स्वतःच्याच आसनासाठी मोजत होता.

३. बैलगाडीचे युग

ओझे आणि मान यांची वाटणी सोलापूर भागात मोटारीच्या आधीपासून होती. प्राकृतातील 'गड्डी' पासून आलेला 'गाडी' हा शब्द येथे सर्वसमावेशक राहिला. परंतु त्याच्या पोटात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी नावे होती. धान्य, कडबा, खत यांसाठी जड गाडी, हलक्या कामासाठी छकडा, आणि माणसांच्या, विशेषतः घरच्या स्त्रियांच्या, प्रवासासाठी दमणी. दमणीला छत असे, झालर असे, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असत. जुन्या, खडखडणाऱ्या जड गाडीला 'खटारा' म्हणत; आज तोच शब्द मोडकळीस आलेल्या मोटारीसाठी वापरला जातो. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा नांदणाऱ्या या जिल्ह्यात शब्दांची देवघेवही झाली. उत्तर कर्नाटकातील 'चक्कडी' आणि मराठी 'छकडा' यांचे नाते उघड आहे. तेलुगू 'बंडी' हा बैलगाडीचा शब्द आज सोलापूरच्या विणकर वस्तीत मोटारसायकलीलाही लागतो, आणि विदर्भातील मराठीत तो बैलगाडीच्याच अर्थाने टिकून आहे.

यंत्रसुधारणेचा पहिला मोठा प्रयत्न या जिल्ह्यात ओझ्याच्या गाडीसाठीच झाला, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जमीन-पाहणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांनी टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. भरीव चाकांच्या अवजड गाड्यांच्या जागी आऱ्यांची हलकी चाके आली आणि एका बैलजोडीला ओढवेल असे वजन वाढले. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे पोहोचल्यावर या गाडीचे काम संपले नाही. उलट स्टेशनापर्यंतची वाहतूक वाढली, आणि १८७७ साली 'जुनी मिल' सुरू झाल्यावर कापसाचे डोकडे व कापडाचे गठ्ठे यांची त्यात भर पडली. लांबचा माल आगगाडीने आणि जवळचा माल बैलगाडीने, अशी ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली.

४. जीप आणि टेम्पो

दुसऱ्या महायुद्धाने जीप जन्माला घातली. अमेरिकन सैन्याच्या दप्तरी तिची नोंद 'पाव टन ट्रक' अशी होती. म्हणजे जन्माने ती ओझ्याचीच गाडी होती. १९४९ साली मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीस जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात जीप पोहोचली ती मालासाठी नव्हे, अधिकाऱ्यासाठी. १९५२ मध्ये समूह विकास योजना सुरू झाली, आणि पुढे १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप, सभापतींची जीप, सहकारी साखर कारखान्याची जीप हे शब्दप्रयोग त्या काळात रूढ झाले. धुळीच्या रस्त्यावर जीप दिसली की सत्ता आली असे लोक समजत. कापडी छताच्या, कडक आसनांच्या या गाडीत सुख फारसे नव्हते. मान मात्र भरपूर होता.

ओझ्याची बाजू दुसऱ्याच वाहनाने उचलली. जर्मनीत हांबुर्ग येथील कारखान्याची 'टेम्पो' ही तीनचाकी मालगाडी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीने भारतात आणली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही कंपनी पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे स्थिरावली. मराठीने हे व्यापारनाम इतके आपलेसे केले की कोणत्याही कारखान्याची हलकी मालगाडी 'टेम्पो' झाली. 'टेम्पो भरणे', 'टेम्पो लावणे', 'टेम्पोवाला' अशी त्याची रूपे बनली, आणि २००५ मध्ये मूळ कंपनीने आपल्या नावातून 'टेम्पो' काढून टाकला तरी भाषेतून तो गेला नाही.

सोलापुरात टेम्पो रुजला यामागे स्थानिक कारण होते. मोठ्या गिरण्यांच्या बरोबरीने, आणि त्या एकामागून एक बंद पडू लागल्यावर त्यांच्या जागी, चादरी व टॉवेलांचे उत्पादन घराघरांतील आणि छोट्या गाळ्यांतील मागांकडे आणि यंत्रमागांकडे गेले. गिरणीचा माल एकदम आणि मोठ्या प्रमाणात निघे. गाळ्याचा माल थोडाथोडा, पण रोज निघू लागला. अशा मालाला मोठा ट्रक परवडत नाही, आणि बैलगाडीच्या वेगाने ट्रान्सपोर्टच्या गोदामाची वेळ गाठता येत नाही. टेम्पोने ही मधली जागा भरून काढली.

शेतीतही असेच परिवर्तन झाले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना राज्यात लागू झाली, आणि सांगोल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. ज्वारीचे पोते आठ दिवस थांबू शकते. डाळिंबाचे क्रेट आणि द्राक्षांच्या पेट्या थांबू शकत नाहीत. सोलापूरच्या बाजार समितीत पहाटेच्या आत कांदा पोहोचवायचा तर गाडी गावातच उभी असली पाहिजे. शेतमाल जसजसा नाशवंत झाला, तसतशी छोट्या, वेगवान आणि गावच्या मालकीच्या गाडीची गरज वाढली.

५. फाळणी

१९८८ साली टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, या कंपनीने पुणे येथील कारखान्यातून 'टाटामोबाइल' ही पिकअप बाहेर काढली. भारतीय पिकअपच्या इतिहासात हे वर्ष निर्णायक होय. पण ते त्या गाडीच्या विक्रीमुळे नव्हे. त्याच सांगाड्याच्या आधारे कंपनीने १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो या प्रवासी गाड्या घडविल्या. सुमो हे नाव जपानी मल्लांवरून आलेले वाटले तरी ते सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. ज्या सांगाड्यावर माल लादायचा त्याच्यावर गाद्या, काचा आणि वातानुकूलन चढले. महिंद्र कंपनीच्या जीपवंशाचेही असेच झाले. २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. सभापतींच्या जीपचा मान या गाड्यांनी वारसाहक्काने घेतला. निवडणुकीच्या मोसमात पांढऱ्या स्कॉर्पिओंची रांग हे ग्रामीण महाराष्ट्रातील सत्तेचे परिचित चिन्ह झाले.

याच काळात वंशाची दुसरी शाखा खाली उतरत होती. जीप, ट्रॅक्स, कमांडर या गाड्या 'वडाप' म्हणून भाड्याने माणसे वाहू लागल्या. दहा माणसांच्या जागी पंधरा बसू लागली. मालाच्या बाजूला बोलेरो पिकअप आली, आणि मे २००५ मध्ये सुमारे सव्वादोन लाख रुपयांना टाटा एस ही पाऊण टनाची गाडी आली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले.

सोलापूरच्या रस्त्यावर आज या फाळणीचा सर्वांत स्पष्ट पुरावा एकाच नावात सापडतो. एमएच १३ या क्रमांकाची, पांढऱ्या पाटीची बोलेरो दारात उभी असते, आणि त्याच क्रमांकमालेची, पिवळ्या पाटीची बोलेरो पिकअप बाजार समितीत. नाव एक, पण पहिली 'घरची गाडी', दुसरी 'धंद्याची गाडी'. कायद्यानेही ही वाटणी पक्की केली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमाने तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परवान्याच्या अटीतून वगळले. हलके मोटार वाहन चालविण्याच्या साध्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंच्या आतील मालवाहू गाडी चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये घटनापीठाने तो कायम केला. या सवलतींमुळे गावातील तरुणाला कर्ज काढून पिकअपचा धंदा करणे सुलभ झाले. आणि अशा ग्राहकांची संख्या वाढली म्हणून गाडी स्वस्त ठेवणे कारखान्यांना भाग पडले.

६. किमतीचा पुरावा

किमती वाढल्या हे विधान सरसकट खरे नाही; कोणत्या शाखेच्या वाढल्या हे पाहिले पाहिजे. टाटा एस २००५ मध्ये सुमारे सव्वादोन लाखांना मिळत होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत देशातील किरकोळ किमती सुमारे साडेतीन पट झाल्या. त्या प्रमाणात तिची किंमत पावणेआठ लाखांच्या घरात जावयास हवी होती. प्रत्यक्षात जून २०२५ मध्ये त्याच वर्गातील 'एस प्रो' ही गाडी ३ लाख ९९ हजारांपासून बाजारात आली. आकड्यांनी महाग झालेली ओझ्याची गाडी वास्तविक मूल्याने जवळजवळ निम्म्यावर आली आहे.

दुसऱ्या टोकाला चित्र निराळे आहे. हौसेने चालविण्याची, पाच माणसे बसतील अशी पिकअप भारतात आली ती उशिरा. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये साडेबारा लाखांच्या आत मिळत होती. २०२४ पर्यंत तिच्या किमतीने २५ लाखांची मर्यादा ओलांडली. टोयोटा हायलक्स मार्च २०२२ मध्ये ३३ लाख ९९ हजारांपासून विक्रीस आली. त्या एका गाडीच्या किमतीत एस वर्गाच्या आठ गाड्या येऊ शकतात. या गाड्यांना हौदा आहे, परंतु सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या पोत्यांखाली त्या दिसत नाहीत.

ओझ्याच्या गाडीची किंमत अशी दाबून राहण्याचे कारण भाड्यात आहे. पिकअपच्या मालकाला हप्ता फेडायचा असतो तो खेपेच्या भाड्यातून. भाडे ठरते मालाच्या भावावर आणि गावातील इतर पिकअपवाल्यांच्या चढाओढीवर. कांद्याचा भाव पडला की शेतकरी भाड्यात घासाघीस करतो, आणि गाडी रिकामी उभी ठेवण्यापेक्षा मालक कमी भाड्यात खेप घेतो. अशा हिशेबात दहा हजार रुपयांची जादा सोयही जड होते. तीच रक्कम मजबूत कमानपाट्यांसाठी किंवा लांब हौद्यासाठी मोजायला मालक तयार असतो, कारण त्यातून भाडे वाढते; चालकाच्या आसनातून भाडे वाढत नाही.

७. हौदा आणि केबिन

या ठिकाणी शब्दांचा पुरावा साहाय्यास येतो. मालाच्या उघड्या भागाला मराठीत 'हौदा' म्हणतात. मूळ अरबी 'हौदज' पासून आलेला हा शब्द हत्तीच्या पाठीवरील आसनाचा, म्हणजे राजाच्या बैठकीचा आहे. पाण्याचा 'हौद' हा शब्दही अरबीच, परंतु निराळ्या धातूचा. चारी बाजूंनी कडा आणि मध्ये पोकळी असलेल्या मालाच्या पेटीला नाव देताना या दोन शब्दांची सरमिसळ झाली. उच्चार राजाच्या आसनाचा राहिला आणि अर्थ टाकीकडे झुकला. ज्या 'हौद्या'त पूर्वी मानकरी बसत तेथे आता पोती, क्रेट आणि लग्नाच्या वऱ्हाडात प्रसंगी माणसेही भरली जातात. 'छोटा हत्ती' या नावातही हीच गंमत आहे. अंबारीचा हत्ती मानाचा. हा हत्ती ओझ्याचा.

पुढील भागासाठी मात्र मराठीला स्वतःचा शब्द घडवावासा वाटला नाही. 'केबिन' हा परभाषी शब्द तसाच राहिला, आणि चालकाच्या मदतनीसाला इंग्रजी 'क्लीनर' वरून 'किन्नर' असे अपभ्रष्ट नाव मिळाले. हौदा, फाळका, पाटा, ताडपत्री, खेप हे ओझ्याचे शब्द घरचे झाले. चालकाच्या जागेचे आणि माणसाचे शब्द उपरे राहिले. कोणत्या भागाकडे समाजाचे लक्ष होते हे यावरून कळते.

येथे एक आक्षेप संभवतो. सोलापूरच्या पिकअपवर सजावट काही कमी नसते. सिद्धेश्वराचे किंवा तुळजाभवानीचे नाव, रंगीत पट्टे, गोंडे, खंडेनवमीला झेंडूच्या माळा हे सर्व तिच्यावर दिसते. परंतु हा मान गाडीचा आहे. बेंदराला बैलांची शिंगे रंगवीत, त्यांना पुरणपोळी खाऊ घालीत. त्याच परंपरेने आज चाकांना हळदकुंकू वाहतात. अन्न देणाऱ्या साधनाविषयीची ही कृतज्ञता निराळी आणि त्या साधनात बसणाऱ्या माणसाचे सुख निराळे. अमेरिकन पिकअपमध्ये दुसरी गोष्ट वाढत गेली. येथे पहिली टिकून राहिली.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान वारंवार ४२ अंशांच्या वर जाते. त्या उन्हात एंजिनावर किंवा एंजिनालगत बसून तास न् तास गाडी हाकणाऱ्या चालकाच्या दृष्टीने वातानुकूलनाला चैन म्हणणे कठीण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले. पण हा नियम एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या वाहनांना लागू आहे. पिकअप आणि छोटा हत्ती यांचे चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. ज्या हलकेपणामुळे या गाडीला परवान्यातून सूट मिळाली, त्याच हलकेपणाने तिच्या चालकाला या संरक्षणातून वगळले.

अलीकडे बाजाराने स्वतःहून थोडी वाट काढली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे आठ लाखांपासून आलेल्या महिंद्र वीरोमध्ये चालकासाठी हवेची सुरक्षापिशवी आहे. २०२५ मध्ये सव्वाअकरा लाखांच्या आत आलेल्या बोलेरो पिकअपच्या सीएनजी नमुन्यात वातानुकूलन आणि उंची बदलता येणारे चालकाचे आसन आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने अशा सोयींसाठी किमतीत थोडी जागाही निर्माण झाली.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कष्टाची गाडी आपोआप चैनीची होते हा नियम सोलापूर परिसराला लागू पडत नाही. अमेरिकेत मालक, चालक आणि मालाचा धनी एक होते. जकात आणि इंधनविषयक कायदा त्यांच्या हौसेला अनुकूल होता. म्हणून ओझ्याची गाडीच वर चढली. सोलापुरात दमणी आणि जड गाडी यांची जुनी वाटणी मोटारीच्या युगातही टिकली. जीपच्या एका वंशातून मानाची शाखा वर गेली आणि ओझ्याची शाखा भाड्याच्या हिशेबात दबून राहिली. तिच्या वास्तविक किमतीत झालेली घट शेतकऱ्याच्या आणि यंत्रमागधारकाच्या उपयोगी पडली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या घटीचा एक भाग केबिनमधील माणसाच्या उन्हातून, पाठदुखीतून आणि अपघाताच्या जोखमीतून भरला गेला, हेही तितकेच खरे आहे.

यापुढे मालवाहू गाडीची किंमत वाढली तर ती वाढ कोणासाठी झाली, हा प्रश्न इतिहासकाराने आणि धोरणकर्त्याने वेगळा काढून विचारला पाहिजे. गालिचा घातलेला हौदा आणि पंखाही नसलेली केबिन या दोन्ही गोष्टी 'किंमत' या एकाच शब्दाखाली मोजल्या, तर चैन कोणती आणि गरज कोणती हा भेदच नाहीसा होतो.